मुक्या जनावरांचे औषध : पानिपत ते पिंजोर

पानिपतच्या पराभवाची कारणे सांगताना इतिहासकार तोफांचा, मित्रांचा आणि पैशाचा हिशेब मांडतात. त्या हिशेबात एक रकाना मुक्या जनावरांचाही आहे. १७६० च्या नोव्हेंबरात सदाशिवरावभाऊंनी पानिपतास खंदक खणून छावणी केली. अब्दालीने दिल्लीची वाट रोखली होती. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची उरलीसुरली आशाही मावळली. माणसांबरोबर घोडे आणि बैल उपाशी पडले. १४ जानेवारी १७६१ रोजी फौज खंदकाबाहेर निघाली ती खंगलेल्या घोड्यांवर.

घोडा हे शिलेदाराचे भांडवल. तो गेला की शिलेदारी संपली. म्हणून त्याची निगा हे त्या काळी एक शास्त्रच होते. घोड्याच्या वैद्यकाची परंपरा शालिहोत्राच्या नावाने चालत आली, तर हत्तींच्या रोगांवर पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ आहे. उत्तर हिंदुस्थानात पशुवैद्यास ‘सालोतरी’ म्हणत आले, तो शब्द शालिहोत्रावरूनच आलेला. या ग्रंथांतील औषधी पुष्कळशा माणसाच्याच वैद्यकातील. परंतु घोड्याची प्रकृती निराळी, हत्तीची निराळी, हे भान त्यामागे होते. अर्थात औषधालाही मर्यादा असते. दाणावैरण संपल्यावर नुसत्या मसाल्याने घोडा उभा राहत नाही, हे पानिपताने दाखविले.

कुत्र्यामांजरांच्या वाट्यास मात्र असे शास्त्र फारसे आले नाही. प्रेम पुष्कळ आले. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीस आहे. पण सामान्य घरातील कुत्रे आजारी पडले तर फडताळात जे असेल तेच त्याचे औषध. १८८६ साली मुंबईस परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय निघाले आणि जनावरांच्या शास्त्रशुद्ध उपचारांची सोय या प्रांतात झाली. त्याच सुमारास फडताळही बदलू लागले. १८९७ मध्ये जर्मनीत ॲस्पिरिन शुद्ध स्वरूपात तयार झाले. १९५० नंतरच्या दशकात पॅरासिटामॉल बाजारात आले. हळदीच्या डब्याशेजारी गोळ्यांची पाकिटे आली आणि तापलेल्या मांजराच्या तोंडात अर्धी गोळी घालण्याचा मोह घरोघर उत्पन्न झाला.

हा मोह जीवघेणा आहे. माणसाचे यकृत पॅरासिटामॉलला ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड देऊन त्याचा बराच भाग निरुपद्रवी करते व मूत्रावाटे बाहेर टाकते. मांजराच्या यकृतात हे जोडकाम करणारे विकर अत्यंत अपुरे असते. त्यामुळे औषधाचे विषारी रूप शरीरात साचते, रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती नष्ट होते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड व पंजे सुजतात. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते. कुत्रा हे औषध थोडे अधिक सोसतो, तरी मात्रा वाढली की त्याचेही यकृत जाते. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरास व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात. फिनेलने पुसलेल्या फरशीवर मांजर चालते, मग पंजे चाटते, आणि ते विष पोटात जाते. कुत्र्यासाठी विकत आणलेले गोचिडांचे औषधदेखील, त्यात परमेथ्रिन असेल तर, मांजरास मारक ठरते.

एका जातीचे औषध दुसरीचे विष ठरते, याचा सर्वांत मोठा पुरावा पानिपताच्याच राज्यात, हरियाणात, शिवालिकच्या पायथ्याशी पिंजोर येथे आहे. माणसाच्या सांधेदुखीवरचे डायक्लोफेनॅक गुरांनाही देऊ लागले. गुरांना आराम पडला. परंतु औषध दिल्यावर लवकरच मेलेल्या गुराचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे बंद पडली. १९९० नंतरच्या काही वर्षांत तीन जातींची गिधाडे नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ मध्ये उघड झाले. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी हे औषध बनविण्यास मनाई केली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जातच राहिल्या, तेव्हा २०१५ मध्ये कुपीचा आकार तीन मिलिलिटरवर आणावा लागला. पिंजोरच्या केंद्रात हरियाणाचे वनखाते आणि मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी गिधाडांची पैदास करीत आली आहेत. गोठ्यातील त्या उपचारांत क्रौर्य कोठेही नव्हते. गुराची कळ थांबावी एवढीच इच्छा होती.

घरातील कुत्र्यामांजराच्या बाबतीतही घात होतो तो दयेच्या पोटीच. म्हणून दयेला थोडी शिस्त हवी. जखम उकळून निववलेल्या पाण्याने धुवावी, स्वच्छ फडक्याने दाबून रक्त थांबवावे, जनावर शांत जागी ठेवावे. एवढे घरी करण्यास कोणाचीच हरकत नाही. गोळी मात्र पशुवैद्यास विचारल्यावाचून देऊ नये. जनावराने चुकून गिळलीच, तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याच्या भरीस न पडता, पाकीट हाती घेऊन त्वरित दवाखाना गाठावा. किती वाजता आणि किती गिळली हेही सांगावे. पाकिटावर छापलेली मात्रा माणसाच्या वजनाची आणि माणसाच्या यकृताची असते. शालिहोत्राच्या परंपरेने घोड्याची प्रकृती निराळी मानली होती. उंबऱ्यावरच्या मांजराला तेवढा न्याय मिळाला, तरी पुष्कळ प्राण वाचतील.