बंद कॅरव्हॅनमधील पिण्याचे पाणी : साठवणुकीच्या काळातील काळजी

चेन्नईहून बेंगळुरूकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर सुमारे चाळीस किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूर आहे. रामानुजाचार्यांचे जन्मस्थान आणि राजीव गांधी यांचे स्मारक यांसाठी हे गाव देशाला ठाऊक आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मोटार उद्योगाचे केंद्र म्हणूनही त्याची ओळख झाली. १९९८ मध्ये जवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील ह्युंदाईच्या कारखान्यात उत्पादन सुरू झाले आणि त्यानंतर ओरगडम परिसरात अनेक वाहन कंपन्या आल्या. वाहनांच्या या गावात उन्हाळा कडक असतो. हिवाळ्यातही रात्रीचा पारा साधारणपणे वीस अंशांच्या आसपासच रेंगाळतो. पाणी गोठण्याचा प्रश्न येथे कधीच उद्भवत नाही.

नेमकी हीच गोष्ट कॅरव्हॅन बाळगणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. राहण्याच्या सोयी असलेली गाडी किंवा मोटारीमागे जोडून न्यायचा ट्रेलर काही महिने उभा ठेवायचा असेल, तर त्यातील पाण्याची व्यवस्था कशी लावावी, याविषयीची बहुतेक माहितीपत्रके थंड देशांत लिहिली गेली आहेत. पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, नळ्या फुटतात आणि पंपाला तडे जातात, म्हणून थंडीपूर्वी काय करावे, याचीच चर्चा त्यांत असते. श्रीपेरुंबुदूरमध्ये, तसेच पुण्यात, नागपुरात किंवा गोव्यात धोका उलट दिशेने येतो. येथे साठलेले पाणी गोठत नाही, ते कोमट होते आणि कोमटच राहते.

भारतात हा विषय अगदी अलीकडचा आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅरव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले आणि त्याच वर्षी केरळनेही असाच उपक्रम हाती घेतला. ट्रेलरपेक्षा प्रवासी व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेल्या गाड्या आपल्याकडे अधिक दिसतात. आतील रचना मात्र सर्वत्र सारखीच असते. आसनाखाली किंवा गाडीच्या तळाशी प्लास्टिकची टाकी, बॅटरीवर चालणारा बारा व्होल्टचा लहान पंप, त्यापुढे गाळणी, गीझर, स्वयंपाकाच्या ओट्याचा व न्हाणीचा नळ, आणि वापरलेल्या पाण्यासाठी वेगळी टाकी. स्वच्छ पाण्याची टाकी साधारणपणे पन्नास ते दोनशे लिटरची असते. घराच्या गच्चीवरील टाकीतले पाणी रोज बदलते. गाडीच्या टाकीतले पाणी प्रवास संपला की जागच्या जागी थांबते, हा दोहोंतील मोठा फरक होय.

साचलेल्या पाण्यात काय घडते

नळाच्या पाण्यात मिसळलेला क्लोरिन कायम टिकत नाही. उष्णता आणि टाकीच्या भिंतीवरचा बुळबुळीत थर यांमुळे तो काही दिवसांतच नाहीसा होतो. त्यानंतर पाण्यात आधीपासून अल्प प्रमाणात असलेल्या जिवाणूंना रोखणारे काही उरत नाही. ते नळ्यांच्या आतल्या बाजूला चिकटून थर धरतात. हा थर एकदा तयार झाला की केवळ पाणी बदलून तो जात नाही.

या जिवाणूंपैकी लिजिओनेला हा विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे माजी सैनिकांच्या एका मेळाव्यानंतर न्यूमोनियाची साथ आली आणि तिच्या तपासातून पुढील वर्षी हा जिवाणू ओळखला गेला. साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअस तापमानात तो जोमाने वाढतो. श्रीपेरुंबुदूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत हे तापमान आपोआप मिळते. त्यासाठी गीझर लावावा लागत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. प्रवासात आम्ही बाटलीबंद किंवा उकळलेले पाणीच पितो, तेव्हा टाकीची चिंता कशाला, असे पुष्कळ जण म्हणतात. लिजिओनेलाचा संसर्ग मुख्यतः पिण्यातून होत नाही. शॉवरच्या तुषारांतून श्वासावाटे तो फुफ्फुसात जातो. म्हणजे जे पाणी कोणी पीत नाही, त्याच पाण्याने अंघोळ करताना धोका संभवतो. ज्येष्ठ नागरिक, धूम्रपान करणारे आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांना तो अधिक असतो. २०२० च्या टाळेबंदीत कार्यालये आणि हॉटेले अनेक आठवडे बंद राहिली, तेव्हा ती पुन्हा उघडण्यापूर्वी नळ्यांतील साचलेले पाणी वाहून जाऊ द्यावे, अशा सूचना अनेक देशांतील आरोग्य यंत्रणांनी दिल्या होत्या. बंद गाडी हीदेखील एक छोटी बंद इमारतच आहे.

दुसरा धोका डासांचा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास अनुकूल हवामानात सुमारे आठ ते दहा दिवस पुरतात. महाराष्ट्रात आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याचे आवाहन आरोग्य विभाग वर्षानुवर्षे करीत आला आहे, त्यामागे हेच गणित आहे. या डासाची अंडी कोरड्या भिंतीवर कित्येक महिने तग धरतात आणि पाणी मिळताच फुटतात. त्यामुळे टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, तिची आतली बाजू घासावीही लागते.

गाडी केव्हा उभी राहते

महाराष्ट्रात कॅरव्हॅन बहुधा जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत उभी केली जाते. श्रीपेरुंबुदूर परिसरात मुख्य पाऊस ईशान्य मान्सूनचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरचा. त्याआधी एप्रिल ते जून हे कडक उन्हाचे महिने येतात आणि त्या काळातही गाडीने हिंडण्याचा उत्साह कमीच असतो. अशा रीतीने तेथे गाडी वर्षातून दोनदा विश्रांती घेऊ शकते, एकदा उन्हात आणि एकदा पावसात. दोन्ही वेळा टाकी रिकामी करणे इष्ट.

टाकी भरूनच ठेवावी, म्हणजे रबरी वायसर सुकत नाहीत, असा एक मतप्रवाह आहे. थंड हवेच्या ठिकाणी पंधरा दिवसांसाठी ते चालून जाईल. ३८ अंशांच्या उन्हात तीन महिन्यांसाठी हा सल्ला मानण्याजोगा नाही. वायसर सुकला तर थोडी गळती होते आणि तो किरकोळ खर्चात बदलता येतो.

रिकामे करण्याची पद्धत

प्रथम गीझर बंद करून त्यातील पाणी पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम आणि दाबाखालील पाण्याचे बूच उघडल्यास भाजण्याचा संभव असतो. गाडी अशा जागी उभी करावी की टाकीच्या तळाची तोटी सर्वांत खालच्या अंगाला येईल. त्यासाठी एका चाकाखाली फळी पुरते. मग ती तोटी, नळ्यांच्या सर्वांत खालच्या जागी असलेली निचऱ्याची बुचे आणि गीझरचे बूच उघडावे. आतील सर्व नळ थंड व गरम अशा दोन्ही बाजूंनी उघडे ठेवावेत, शॉवरची नळी खाली सोडावी. वरून हवा शिरल्याशिवाय खालून पाणी पूर्ण उतरत नाही.

एवढे करूनही पंपात आणि नळ्यांच्या वळणांत पाणी राहतेच. पंप काही सेकंद चालवून ते बाहेर काढावे. तो कोरडा फार वेळ फिरवू नये. हवेच्या दाबाने नळ्या फुंकून घ्यायच्या असतील, तर दाब ३० पीएसआयच्या आत ठेवणे आवश्यक आहे. टायरच्या दुकानातील कॉम्प्रेसरचा दाब याहून कितीतरी अधिक असतो, शिवाय त्याच्या हवेत तेलाचे कण येतात. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांसाठी तो न वापरलेलाच बरा.

गाळणीचा कार्ट्रिज काढून टाकावा. ओला कार्ट्रिज बंद डब्यात तीन महिने राहिला तर तो जिवाणूंचे घर होतो, आणि नवा बसवण्याचा खर्च वाचवण्यासारखा नाही. टाकीच्या तोंडातून हात जात असेल तर आतून मऊ ब्रशने घासून घ्यावे व झाकण काही दिवस सैल ठेवून टाकी वाळवावी. टाकीच्या श्वासनळीच्या तोंडाशी आणि बाहेरच्या प्रत्येक छिद्राशी डासांची बारीक जाळी बांधावी. मुंग्या, झुरळे आणि पाली अशा नळ्यांत आनंदाने शिरतात. उंदीर तर प्लास्टिकची नळी कुरतडतातच. वापरलेल्या पाण्याची टाकीही याच वेळी धुऊन रिकामी करावी आणि ओट्याच्या भांड्याला बूच लावून ठेवावे, अन्यथा खालच्या वळणातील पाणी सुकल्यावर दुर्गंधी आत येते.

पुन्हा पाणी भरण्यापूर्वी

प्रवासाच्या आदल्या दिवशी टाकी भरून निघणे हे सर्वांत चुकीचे. पूर्ण यंत्रणा क्लोरिनने धुण्यास किमान अर्धा दिवस हवा. यासाठी पाण्यात क्लोरिनचे प्रमाण लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम असावे लागते. शंभर लिटर पाण्यासाठी पाच टक्के शक्तीचे सोडियम हायपोक्लोराइट शंभर मिलिलिटर पुरते. ब्लीचिंग पावडर वापरायची तर २५ टक्के क्लोरिन असलेली सुमारे वीस ग्रॅम लागेल. जुनी, उघडी राहिलेली पावडर निम्मीअधिक निकामी झालेली असते. पावडर थेट टाकीत टाकू नये. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि फक्त वरची निवळी घ्यावी, नाहीतर पंपाची जाळी त्या गाळाने चोंदते. सुवासिक किंवा साबणमिश्रित ब्लीच वर्ज्य. व्हिनेगर किंवा शौचालय स्वच्छ करण्याचे ॲसिड यांत क्लोरिन मिसळल्यास विषारी वायू तयार होतो, हे घरातील सर्वांना ठाऊक असावे.

असे पाणी भरून, गाळणीचा कार्ट्रिज न बसवता, प्रत्येक नळ क्लोरिनचा वास येईपर्यंत सोडावा. मग चार तास तसेच राहू द्यावे. नंतर सर्व काढून टाकी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा भरून रिकामी करावी. गीझर ६० अंशांपर्यंत तापवून गरम पाणी सर्व नळांतून सोडावे. या वेळी मुलांना दूर ठेवावे आणि शॉवरचे तुषार तोंडाजवळ येणार नाहीत असे पाहावे.

शेवटचे पाणी कोठून भरायचे, हा श्रीपेरुंबुदूरमध्ये दुय्यम प्रश्न नाही. शेजारचे चेंबरमबक्कम सरोवर चेन्नईच्या पाणीपुरवठ्याचा आधार आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात ते जवळपास आटले होते आणि शहर टँकरवर आले होते. टँकरचे किंवा कूपनलिकेचे पाणी नेहमीच क्लोरिनयुक्त असेल, याची खात्री नसते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आय. एस. १०५०० नुसार, त्यात किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन प्रतिलिटर असावा. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत वापरली जाणारी ओ.टी. चाचणी किंवा त्याहून सुरक्षित डीपीडी गोळ्यांची चाचणी करून ते घरच्या घरी पाहता येते. पाणी जड असेल तर गीझरच्या आत पांढरा थर धरतो आणि त्या थराआड जिवाणूंना आसरा मिळतो, म्हणून गीझर वर्षातून एकदा उघडून साफ करणे योग्य.

गोठणाऱ्या हवेसाठी

गाडी लडाख किंवा स्पितीत हिवाळ्यात उभी राहणार असेल, अथवा कॅनडा-अमेरिकेतील मराठी कुटुंबांच्या दारात, तर नियम बदलतात. तेथे रिकाम्या केलेल्या नळ्यांत प्रॉपिलीन ग्लायकॉलचा, पाण्याच्या यंत्रणेसाठीच बनवलेला द्रव पंपाने भरतात. मोटारीच्या रेडिएटरमध्ये वापरला जाणारा एथिलीन ग्लायकॉलचा द्रव विषारी असून तो पिण्याच्या नळ्यांत कदापि घालू नये. गीझर आधी वेगळा करून रिकामा ठेवतात, म्हणजे त्याच्या टाकीत हा द्रव वाया जात नाही. वसंत ऋतूत तो काढून टाकल्यावर वर सांगितलेली क्लोरिनची धुलाई तेथेही करावीच लागते.