मिठाचे गाव कोणते?

श्रोतेहो, आज खारेपाटणला खाडीच्या काठी उभे राहिले, तर इथे परमुलखाची जहाजे लागत असतील, असे वाटणार नाही. पण याच गावी सापडलेला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट बघा. शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ चा. देवालयाला दिलेल्या दानात जकातही आहे: द्वीपांतराहून येणाऱ्या जहाजामागे सोन्याचा एक गद्याणक, कंदलमूलीयाहून येणाऱ्या जहाजामागे एक धरण. चेमूल्य म्हणजे चौल आणि चंद्रपूर म्हणजे गोव्यातले चांदोर, ही दोन वगळली आहेत. जहाज कुठून आले, यावर कर ठरे.

जहाजाला बंदर विचारता येते, पण मिठाला कसे विचारणार?

१६७१ साली हाच प्रश्न जवळ येऊन ठेपला. बारदेश तेव्हा पोर्तुगीजांकडे होता आणि तिथले मीठ स्वस्त. व्यापारी तिकडे वळले, तर संगमेश्वराकडचे मीठ पडून राहणार! म्हणून शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिले की, बारदेशच्या मिठावर जकात इतकी बसवा, की ते संगमेश्वरच्या मिठाहून महाग पडावे. आपल्या मिठागरांवर राबणाऱ्यांची भाकरी त्यावर होती. पण समजा, कुणी वाटेत दोन्ही मिठे एकाच पोत्यात मिसळली, तर? चव सारखी, रंग सारखा. जकातदाराने काय करावे?

आज देशादेशांच्या व्यापार-करारांत हीच अडचण आहे. सवलतीची जकात करारातल्या देशाच्या मालालाच मिळते. सारखा माल मिसळला, तर अनेक करार दोन वाटा देतात: माल वेगळा साठवा, नाही तर चोख हिशेब ठेवा. वखारीत ६० पोती सवलतीची आणि ४० बाहेरची एकत्र झाली, तर ६० पोत्यांनाच सवलत. एकसष्टाव्याला नाही, बरं का! आपल्याकडे २०२० च्या नियमांप्रमाणे नुसते प्रमाणपत्र पुरत नाही. माल मूळचा कुठला, याची माहिती आयात करणाऱ्याने जवळ ठेवावी लागते.

गुरुजी, वर्गात दोन मुठी मीठ मिसळा आणि मुलांना वेगळे करायला सांगा. जमणार नाही. मग त्यांना वही दाखवा. माल मुका असतो, त्याच्या वतीने वहीच बोलते. ती खोटे बोलली, तर नुकसान मिठागरात उन्हात उभ्या असलेल्या माणसाचे होते.