अंगणात आलेली शाळा : बोर्डी ते कोसबाड

बालशिक्षण म्हणजे शहरातील सुखवस्तू घरांच्या मुलांची सोय, अशी समजूत स्वातंत्र्यपूर्व काळात रूढ होती. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत कार्य करून १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेत सहभागी झालेल्या ताराबाई मोडक यांनी ही समजूत खोडून काढण्यासाठी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी खेड्याची वाट धरली. १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. सोबतीला होत्या बालपणीच वैधव्य आलेल्या, स्वकष्टाने शिकलेल्या अनुताई वाघ.

केंद्र उघडले, पण हरिजन वस्तीतील मुले तेथे येईनात. तेव्हा ताराबाईंनी केंद्रच वस्तीत नेले. घरासमोरच्या अंगणात मुले जमवायची, त्यांची नखे काढायची, तोंडे धुवायची, केस विंचरायचे आणि मग गाणी-गोष्टी! हीच अंगणवाडी. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती. त्यांची जागा शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे यांनी घेतली. व्यापाऱ्याच्या हिशेबाने पाहिले तरी असा काटकसरीचा व्यवहार विरळाच. देणगीदारांच्या नावाची पाटी लावावी, तर येथे भिंतच नव्हती!

१९५७ साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर आले. वारली समाजातील थोरली मुलगी शाळेत येत नसे, कारण धाकटे भावंड तिच्या कडेवर. यावर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. भावंड पाळण्यात, ताई वर्गात. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात गेली. तिला ‘कुरणशाळा’ म्हणत.

चतुर्विध दानात ज्ञानदानाचे महत्त्व जाणणाऱ्या आपल्या समाजाला हे अपरिचित वाटू नये. सोलापुरातील श्राविका संस्थेसाठी पंडिता सुमतीबाई शहा यांनी आयुष्य वेचले, ते याच जातीचे समर्पण. वास्तूसाठी निधी जमतो. असे माणूस मिळणे दुर्घट. म्हणून सेविकेच्या प्रशिक्षणाला व मानधनाला दिलेले दान इमारतीच्या दानाहून कमी लेखणे उचित नव्हे.

ताराबाईंचे १९७३ साली देहावसान झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि बोर्डीच्या वस्तीतला ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. अनुताई मात्र १९९२ मध्ये निधन पावेपर्यंत कोसबाडच्याच कार्यात राहिल्या.