‘करमत नाही’: धर्मापुरीच्या परिसरातील उदासीचा इतिहास

बीड जिल्ह्यातील धर्मापुरी हे गाव कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील केदारेश्वर मंदिरामुळे आणि त्यावरील सुरसुंदरींच्या शिल्पांमुळे अभ्यासकांना परिचित आहे. परंतु ज्या खिन्नतेला वैद्यकशास्त्र अद्याप आजार म्हणत नाही, तिचा माग शिल्पांत नव्हे, बोलीभाषेतच काढावा लागतो.

जवळच्या अंबाजोगाईत ज्यांची समाधी आहे त्या मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधू’ परंपरेने शके १११० (इ. स. ११८८) मधील मानला जातो, आणि तेव्हापासूनच्या अध्यात्मपर मराठी वाङ्मयात ‘उदास’ हा शब्द बहुधा विरक्ताचा, म्हणजे संसारापासून अलिप्त बसलेल्याचा, वाचक आहे. विरक्ताला समाज मान देत असे. पुढे हाच शब्द वेदनेचे नाव झाला तेव्हा तो मान मात्र मागे राहिला, ही या इतिहासातील सर्वांत दुःखद घडामोड होय. वास्तविक चरकसंहितेने विषादाला रोग वाढवणाऱ्या कारणांत अग्रस्थान दिले होते.

१९८० मध्ये अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात ‘डिस्थायमिया’, म्हणजे प्रौढांत किमान दोन वर्षे रेंगाळणारी सौम्य खिन्नता, दाखल झाली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत मागील दोन आठवड्यांवरून २७ पैकी गुण देतात. ५ ते ९ गुण ‘सौम्य’ ठरतात, तर पुढील तपासणीचा उंबरठा सहसा १० चा असतो.

महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा’ हा समुपदेशन प्रकल्प सुरू केला, त्यात बीडही होता, आणि आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन विचारपूस करावी अशी त्याची रचना होती. ऊसतोडीच्या या जिल्ह्यात मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी (जोडप्याला येथे एक ‘कोयता’ म्हणतात) दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात, तेव्हा अनेक घरांत म्हातारी माणसे आणि शाळकरी नातवंडे तेवढी उरतात. अशा घरातील आजी सडा घालते, भाकरी थापते, शेळीला पाला टाकते, नातवाला शाळेत धाडते, आणि कोणी विचारलेच तर ‘करमत नाही’ एवढेच म्हणते. चाचणीत तिला सात गुण मिळाले, तर ती उंबरठ्याअलीकडेच राहते, परंतु त्या दोन शब्दांत किती महिन्यांचा एकटेपणा साठला आहे हे तिच्या ओट्यावर घटकाभर बसल्याशिवाय कळत नाही, आणि ती बैठक कोयते परत येईपर्यंत लांबणीवर टाकण्याजोगी नसते.