तुरटीचा वंशविस्तार

आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये दाढी झाली की कारागीर अजूनही तुरटीचा खडा पाण्यात बुडवून गालावरून फिरवतो. खडा झिजून साबणाच्या चिपटीएवढा झालाय. वस्तरा जिथे लागला असेल तिथे क्षणभर झोंबतं आणि मग कातडी आवळून येते. आरशाखालच्या फळीवर डिओच्या उंच बाटल्यांची रांग असते. उठता उठता गिऱ्हाइकाच्या शर्टावर एक फवारा मारायचा, हा तिथला रिवाज. खड्याचं आणि त्या बाटल्यांचं काही नातं नाही. नातं आहे ते रांगेच्या टोकाला धूळ खात पडलेल्या बुटक्या रोल-ऑनशी. तो तुरटीच्याच घरातला.

संस्कृतात 'तुवर' म्हणजे तुरट. रसशास्त्राच्या ग्रंथांत तुरटीला तुवरी म्हटलंय आणि सौराष्ट्रीही, कारण ती त्या मुलखातून यायची. शेजारच्या कच्छात मढ गावाजवळ तुरटी काढण्याचा उद्योग पुढेही बराच काळ चालला. हिंदीतली फिटकरी 'स्फटिका'वरून आली. लॅटिनमध्ये तिचं नाव अल्युमेन. तुरटीत एक अनोळखी धातू दडलेला असणार, असं हंफ्री डेव्हीने 1808 च्या सुमारास ताडलं आणि धातू हाती लागण्याआधीच त्याचं बारसं तुरटीवरून करून टाकलं. तोच हा अ‍ॅल्युमिनियम. बापाला लेकीवरून नाव पडावं, तसा प्रकार.

पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवलेली ज्यांनी पाहिलीय, त्यांना रोल-ऑनचं काम समजावून सांगावं लागणार नाही. हंड्यात मातीचे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. काखेत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामात विरघळतात, घामनळीच्या तोंडाशी त्यांचा चिकट गोळा होतो आणि बूच बसतं. काही दिवसांत वरची त्वचा झडते, तसं बूचही निघून जातं. सुट्ट्या तुरटीला मात्र हे बूच नीट जमत नाही. ती घाम फारसा अडवत नाही, वास करणाऱ्या जिवाणूंना आवरते.

कारण मुळात घामाला वास नसतो. अंगभर पसरलेल्या ग्रंथींचा घाम म्हणजे मीठ-पाणी. काखेत आणि जांघेत दुसऱ्या जातीच्या ग्रंथी असतात. त्या वयात येताना जाग्या होतात आणि स्निग्ध पदार्थ, प्रथिनं वगैरे मिसळलेला दाटसर स्राव सोडतात. तोही ताजा असताना वास करत नाही. काखेतले जिवाणू त्यावर ताव मारतात आणि मागे गंधकाची संयुगं ठेवतात. कांदा चिरताना नाकात जातं ते याच कुळातलं. म्हणूनच सातवीपर्यंत कितीही घामाघूम झालेलं पोर आईला गोड वाटतं आणि नववीत त्याच पोराची बॅग बाल्कनीत टांगावी लागते.

आपल्याकडे या वासाशी भांडण जुनं आहे. अंग घासून काढल्याने दुर्गंध, खाज आणि घामाची किळस जाते, असं चरकसंहितेत आलंय. वाळा, नागरमोथा, गव्हला-कचोरा घातलेलं उटणं आज दिवाळीपुरतं उरलं, पण त्यामागे विचार होता: मळ घासून काढा, तेलकटपणा शोषून घ्या, मग सुगंध लावा. भर मात्र घाम थांबवण्यावर नव्हता. उन्हाच्या देशात घाम हा काही दोष नव्हता.

तो दोष ठरला अमेरिकेत. फिलाडेल्फियात 1888 मध्ये 'मम' नावाचं मलम निघालं. जस्ताचं संयुग मेणात कालवलेलं, बोटाने काखेत चोपडायचं. मम म्हणजे 'मौन'. नावातच सल्ला होता की याबद्दल बोलू नये. 1903 मध्ये 'एव्हरड्राय' आलं, अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं. वंशात तुरटीचं रक्त शिरलं ते इथे. पण हा क्षार पाण्यात आम्लधर्मी होतो. त्वचेची आग व्हायची आणि ब्लाऊजला भोकं पडायची.

सिनसिनाटीतल्या एका डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करताना आपले हात घामेजू नयेत म्हणून असंच एक द्रावण बनवलं होतं. त्यांच्या शाळकरी मुलीने, एडना मर्फीने, ते काखेला लावून पाहिलं. आजोबांकडून 150 डॉलर उसने घेतले, नाव ठेवलं 'ओडोरोनो', म्हणजे 'वास? छे!', आणि दारोदार विकायला बायका पाठवल्या. कोणी विचारेना. 1912 च्या उन्हाळ्यात अटलांटिक सिटीच्या प्रदर्शनात तिने ठेला मांडला. तिथल्या विक्रेतीने कळवलं की हे खपत नाही, खर्च भागवायला कोल्ड क्रीम पाठवा. पण प्रदर्शन लांबलं, उन्हाळा कडक निघाला आणि घामेजलेल्या बायकांनी बाटल्या नेल्या. बाटलीतलं पाणी लालसर होतं, कपड्यावर डाग पडायचा, वाळायला फार वेळ लागायचा. रात्री लावून काख सुकेपर्यंत हात वर करून बसा, असा थाट. आपल्याकडे काखा वर करणं म्हणजे हात झटकणं. तिकडे ती शिस्त झाली.

खरी करामत पुढे आहे, आणि ती रसायनाची नव्हे. मर्फीने जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात कंपनीला काम दिलं. तिथला जेम्स यंग तरुणपणी दारोदार बायबल विकलेला माणूस. त्याने आधी अतिघाम हा आजार आहे असं सांगून पाहिलं, मग तेवढ्यावर खप अडला. 1919 मध्ये पाहणी केली तर जवळजवळ प्रत्येक बाईला ओडोरोनो ठाऊक, पण दोन तृतीयांश म्हणाल्या, आम्हाला गरज नाही. मग त्याने 'लेडीज होम जर्नल'मध्ये नाचायला हात उंचावलेल्या तरुणीचं चित्र छापलं आणि खाली सुचवलं: तुला वास येत असेल, तुला ते कळणार नाही आणि तोंडावर कोणी सांगणारही नाही. सुमारे 200 वाचकांनी अंक बंद केला. यंगच्या ओळखीच्या काही बायकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. वर्षभरात विक्री 112 टक्क्यांनी वाढून 4 लाख 17 हजार डॉलरवर गेली. मला यात मर्फीच्या जिद्दीचं कौतुक वाटतं आणि यंगच्या हुशारीची थोडी चीड येते. स्वतःला न येणाऱ्या वासाची भीती विकायची. गिऱ्हाईक ती तपासणार कशी?

ती भीती अजून पिकते आहे. एका जनुकात बदल असला की कानातला मळ कोरडा असतो आणि काखेला वास जवळजवळ नसतो. चीन, जपान, कोरियात असे लोक बहुसंख्य. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरातल्या 6,495 बायकांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत असा बदल सुमारे 2 टक्के जणींमध्ये सापडला, आणि त्यांतल्याही तीन चतुर्थांशाहून अधिक जणी डिओडरंट लावत होत्या.

बाकीचा वंश पटपट सांगतो. 1935 मध्ये पुरुषांची बाटली आली, काळ्या रंगाची. 1941 मध्ये ज्यूल्स मॉन्टेनिए याने नायट्राइलसारखं संयुग मिसळून आम्लाची धार बोथट करण्याचं पेटंट मिळवलं, कपडे वाचले. 1952 च्या सुमारास बॉलपेनातली गोळी काखेत उतरली, तो रोल-ऑन. मग फवाऱ्याचे डबे आले. अमेरिकेत 1977 मध्ये झिरकोनियमचे फवारे आणि पुढच्याच वर्षी ओझोनला मारक वायू बंद झाले.

आपल्याकडे आला तो फवारा, आणि घाम अडवणारा क्षार मागे ठेवून आला. दुकानात पोरं ज्याला डिओ म्हणतात तो बहुतेकदा अल्कोहोलात विरघळवलेला सुगंध असतो. अल्कोहोलाने जिवाणू थोडे मरतात, वास काही तास झाकला जातो. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये मग चमेली आणि कांदा हातात हात घालून उभे असतात.

तेव्हा बाटली निवडताना नाक बाजूला ठेवून चष्मा लावा. मागच्या बारीक अक्षरांत 'अँटिपर्स्पिरंट' आणि अ‍ॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेट वा तत्सम क्षाराचं नाव असेल तर ती घाम अडवेल. नसेल तर ते अत्तर समजून अत्तराचाच भाव द्या. लावायची वेळही चुकते. सकाळी अंघोळ करून ओल्या काखेत फासून धावत सुटलं की बूच बसण्याआधीच घाम सगळं धुऊन नेतो. रात्री, घाम कमी असताना, काख पुसून पूर्ण कोरडी करून लावावं. सकाळच्या अंघोळीने ते जात नाही. केस नुकतेच काढले असतील तर एक रात्र थांबा. लिंबू आणि खाण्याचा सोडा हे घरगुती उपाय काखेची नाजूक कातडी जाळतात. पॉलिएस्टरचा शर्ट सुतीपेक्षा जास्त वास धरतो, म्हणून कधी कधी दोष माणसाचा नसून टी-शर्टाचा असतो. या क्षारांनी कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून घ्या. आणि बसल्या जागी घामाच्या धारा लागत असतील किंवा वास अचानक बदलला असेल, तर दुकान सोडून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

परदेशात हल्ली 'नैसर्गिक क्रिस्टल डिओडरंट' म्हणून एक पांढरा गुळगुळीत खडा डबीत घालून विकतात. त्यातल्या काहींवर अ‍ॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेट नसल्याची ग्वाही असते. ती खरीच आहे. आत पोटॅशियमची तुरटी असते, अ‍ॅल्युमिनियमसकट; आपल्या किराणा दुकानात सुटी मिळते तीच.