फुटलेलं बेसिन, कापलेलं डिपॉझिट आणि १८८२ चा कायदा

मे-जूनमध्ये भाड्याची घरं रिकामी होतात आणि डिपॉझिटवरून भांडणं सुरू होतात. बेसिन फुटलं, भिंतीत ड्रिलची भोकं. मालक म्हणतो पैसे कापणार, भाडेकरू म्हणतो आधीपासूनच तसं होतं. मंडळी, हे भांडण जुनंच आहे.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम १०८ सांगतं, घर जसं घेतलं तसंच परत द्या. नेहमीच्या वापराची झीज माफ. पण भाडेकरूच्या हातून मोडतोड झाली आणि मालकाने नोटीस दिली, तर तीन महिन्यांत त्याने दुरुस्त करून द्यायचं. थोडक्यात, काळाने उडालेला रंग मालकाचा, फोडलेलं बेसिन भाडेकरूचं.

मग १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला. भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठलं. गरिबाला छप्पर टिकलं हे खरंच, पण त्या भाड्यात कौलं बदलणंसुद्धा मालकाला परवडेना. मुंबईत तर १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी सरकारला वेगळा कायदा करून मंडळ नेमावं लागलं.

१९९९ च्या नव्या कायद्याने दोघांनाही बांधलं. घराची नासधूस करणाऱ्या भाडेकरूकडून कोर्टामार्फत ताबा मागता येतो. उलट मालक दुरुस्ती टाळत असेल, तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू ती स्वतः करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच.

आज बहुतेक घरं ‘लीव्ह अँड लायसन्स’वर जातात. तिथे मोडतोडीचा हिशेब करारातल्या शब्दांवर ठरतो. आणि आपल्याकडे करार कसा होतो? साध्या स्टॅम्पवर, नोंदणीशिवाय. कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हजार-दोन हजार वाचवायला जाऊन मालक स्वतःचीच बाजू लंगडी करतो.

माझं म्हणणं एवढंच. किल्ली देताना दोघांनी मिळून फोटो काढा, नळ-पंखे-काचांची यादी करून सह्या करा. डिपॉझिट कापायचं तर प्लंबरचं बिल दाखवा. आणि भाडेकरूंनो, बिल रास्त असेल तर वाद घालू नका.

तुमच्या गल्लीत काय चालतं? कमेंटमध्ये लिहा, नावं मात्र नकोत.