अब्बा तर जाड नव्हते

आमचे अब्बा जाड नव्हते. निकाहाची शेरवानी त्यांना पन्नाशीतही बसायची, फक्त पोटाजवळचं बटण लावताना श्वास आत घ्यावा लागे. दवाखान्यातल्या उंची-वजनाच्या तक्त्यात ते कायम ‘सामान्य’ रकान्यात होते. मधुमेह निघाला तेव्हा कुणी दावतीच्या बिर्याणीला दोष दिला, कुणी शिरखुर्म्याला. तक्त्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. पुढे मी या विषयावर वाचत गेलो आणि वाटलं, जाब त्यालाच विचारायला हवा होता.

त्या तक्त्यामागचं गणित एका खगोलशास्त्रज्ञाचं आहे. बेल्जियमचा अडॉल्फ क्वेटले. त्याला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. लठ्ठपणा हा त्याचा विषयच नव्हता. 1835 च्या ग्रंथात त्याने मांडलं की मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं. 1972 मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅन्सेल कीज यांनी हेच सूत्र उचललं आणि त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ म्हणजे बीएमआय हे नाव दिलं. त्यांच्या अभ्यासातले सुमारे 7,400 पुरुष अमेरिका, फिनलंड, इटली, जपान आणि दक्षिण आफ्रिकेतले होते. त्यात भारत नव्हता, आणि बाई तर एकही नव्हती. पण सूत्र स्वस्त होतं, वजनकाटा आणि टेप असली की झालं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने 25 च्या वर जादा वजन आणि 30 च्या वर लठ्ठ अशा रेषा आखल्या, आणि त्या जगभर लागू झाल्या.

या रेषांना धक्का देणारा एक फोटो पुण्याशी जोडलेला आहे. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी छापले गेले. दोघांचाही बीएमआय 22.3, म्हणजे दोघेही तक्त्यात ‘सामान्य’. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2.

हे कुठून येतं, याचा माग याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत घेतला. 1990 च्या दशकात तिथल्या गरोदर बायकांपासून अभ्यास सुरू झाला. बायका किरकोळ अंगाच्या, त्यातल्या कितीतरी शेतात राबणाऱ्या. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. इथल्या बाळांत स्नायू फार कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकलेली. दिसायला रोड, आतून चरबीची. अशी मुलं मोठी झाली, शहरात आली, बैठं काम आणि तेल-साखर वाट्याला आली, की साखर वाढायला फार जाडी लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2004 मध्ये जुन्या रेषा ठेवल्या, पण आशियाई लोकांसाठी 23 पासूनच सावध व्हा असं सांगितलं. 2009 मध्ये भारतीय डॉक्टरांनी 23 ला जादा वजन आणि 25 ला लठ्ठपणा धरला. कंबर पुरुषांची 90 आणि बायकांची 80 सेंटीमीटरच्या आत हवी.

आपल्याकडे मात्र लठ्ठपणा अजून खात्यापित्या घरचा आजार समजतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 24 टक्के बायका आणि 23 टक्के पुरुष 25 किंवा त्यावरच्या बीएमआयचे निघाले. त्याच पाहणीत पाच वर्षांखालची 35.5 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. सरकारी कागदांत एक गोष्ट कुपोषणाची आणि दुसरी अतिपोषणाची. माझ्या मते ती बऱ्याच घरांत एकाच आईपासून सुरू होते. ‘तेल कमी खा’ हा सल्ला खोटा नाही, पण तो चाळिशीतल्या माणसाला मिळतो. गरोदर बाईच्या ताटात काय पडलं, हा प्रश्न लठ्ठपणाच्या मोहिमेत मी क्वचितच ऐकला.

दादी सांगायची, अब्बा पोटात होते तेव्हा घरात दोन वेळची चूल रोज पेटत नव्हती. आम्ही ते गरिबीची आठवण म्हणून ऐकायचो.

परवा मी माझी कंबर मोजली. 94 भरली. बीएमआय 22.8, तक्त्यात ‘सामान्य’.